स्टरलाइट गेलं, पण मळीचा ढीग कुणाच्या दारात पडला?

रत्नागिरी एमआयडीसीजवळची एक मोठी जागा जुन्या माणसाला दाखवा, तो लगेच म्हणेल, "ती स्टरलाइटची जागा." परवा लेकीने विचारलं, "बाबा, स्टरलाइट म्हणजे काय?" तिला सांगायला बसलो आणि पोस्ट लांबली. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय जुना असला तरी संपलेला नाही.

1992 मध्ये राज्य सरकारने इथे तांबं वितळवण्याच्या कारखान्याला जमीन दिली. वर्षाला 60 हजार टन तांबं काढायचं ठरलं होतं, बांधकामही सुरू झालं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. घरात, पारावर, एसटीत एकच विषय असायचा. बागायतदार विचारायचे, धुराने मोहोर गेला तर? मच्छीमार विचारायचे, पाणी समुद्रात सोडलं तर? आंदोलन वाढत गेलं आणि जुलै 1993 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवायला सांगितलं. आपण जिंकलो.

कारखाना मात्र रद्द झाला नाही. तो तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. 1994 मध्ये तिथे पायाभरणी झाली.

आता थोडं समजून घेऊ. खाणीतून आलेल्या तांब्याच्या भुकटीत लोह, गंधक आणि थोडंफार आर्सेनिक असतं. भट्टीतून एक टन तांबं निघताना साधारण दोन टन मळी निघते, तिला स्लॅग म्हणतात. गंधकाच्या वायूपासून आम्ल करतात, त्या आम्लापासून पुढे फॉस्फरिक आम्ल, आणि त्यातून उरतं ते जिप्सम. तांबं ट्रकमधून निघून जातं. मळी आणि जिप्समचा तलाव गावातच राहतो. म्हणून अशा कारखान्याची खरी तपासणी ढिगाखालच्या विहिरीत करायची असते. चिमणी त्यानंतर.

तुतिकोरीनमध्ये तपासण्या भरपूर झाल्या. मन्नारच्या आखातातल्या बेटांपासून 25 किलोमीटर लांब असण्याची अट होती. 1998 मध्ये 'नीरी'ने उच्च न्यायालयाला कळवलं की अंतर 14 किलोमीटर आहे आणि भूजलात आर्सेनिक, शिसं आहे. न्यायालयाने कारखाना बंद केला, पण काही दिवसांतच तो पुन्हा सुरू झाला. पुढच्या वर्षी नीरीच्याच अहवालाचा सूर बदललेला होता.

21 सप्टेंबर 2004 ला सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीने पाहणी केली. मळीचे आणि जिप्समचे ढीग पाहून विस्ताराला परवानगी देऊ नये असं तिचं मत पडलं. दुसऱ्याच दिवशी, 22 तारखेला, केंद्राची मंजुरी आली! 60 हजार टनांपासून निघालेला कारखाना 4 लाख टनांवर गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 कोटींची भरपाई भरायला लावली, पण कारखाना चालू ठेवला.

मग तो दुप्पट करायचा घाट घातला गेला. 22 मे 2018 रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. 13 माणसं गेली.

त्याआधीच, एप्रिल 2018 मध्ये, तिथल्या प्रदूषण मंडळाने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं होतं. कारणं वाचा. उप्पार नदीकाठी टाकलेली मळी उचलली नाही. नदी आणि ढीग यांच्यात भिंत घातली नाही. विहिरींच्या पाण्याचे अहवाल दिले नाहीत. जिप्समचा तलाव नियमाप्रमाणे बांधला नाही. कंपनीचं म्हणणं होतं, मळी घातक नाही आणि आम्ही नियम पाळले. 29 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली.

म्हणजे जे प्रश्न आपल्या माणसांनी 1993 मध्ये पारावर बसून विचारले, त्यांची उत्तरं कागदावर यायला तीस वर्षं लागली. तीही दुसऱ्यांच्या जिवावर.

त्यामुळे आपल्या विजयाची गोष्ट मला सरळ सांगता येत नाही. आपल्या आंब्याचा मोहोर वाचला, त्यांच्या विहिरी गेल्या. शिवाय आपण वाचलो असंही नाही. लोटे-परशुरामच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत. गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात त्याची दखल घेतली होती. कारखान्यात आपली मुलं कामालाही जातात, हेही खरं. कारखाना नकोच, असं म्हणणारा मी नाही. मुंबईला जाणारी गाडी इथल्या पोरांनीच भरते, हे मी रोज बघतो.

माझी मागणी छोटी आहे. जिथे घातक कचऱ्याचा ढीग किंवा सांडपाण्याचा तलाव आहे, तिथल्या प्रत्येक तपासणीचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. पाण्याचा नमुना घेताना गावातली दोन माणसं हजर हवीत. आणि कारखाना बंद पडला तर ढीग कोण उचलणार, त्याचे पैसे कुठे ठेवलेत, हे पायाभरणीच्या आधी लिहून द्यायला हवं.

1993 च्या आंदोलनात कोणी होतं का? घरात जुने फोटो, पत्रकं असतील तर कमेंटमध्ये टाका. आपल्या पोरांना ती जागा नुसती पडीक जमीन वाटते.