गेम खेळताना कॉम्प्युटर अचानक बंद का पडतो?

आधी तो नेमका कसा बंद पडतो ते पाहा. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा गेमच्या फाइल्समध्ये गडबड असते. निळी स्क्रीन आली तर ड्रायव्हर किंवा रॅमवर संशय घ्या. पण वीज गेल्यासारखा अख्खा कॉम्प्युटरच बंद झाला, तर उष्णता किंवा पॉवर सप्लाय तपासा.

भंडारा, तुमसर, पवनीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उष्णतेचीच शक्यता जास्त. कॅबिनेटची जाळी आणि पंख्यांवरची धूळ काढा. प्रोसेसर शंभर अंशांजवळ जात असेल तर थर्मल पेस्ट बदला. आणि हो, कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका!

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले की अनेक जण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला. कारण त्यातून कळत नाही.

डेस्कटॉपमध्ये इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कराच. यातले अनेक प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते. गेममध्ये मात्र ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा दिशाभूल करणारा मेसेज यायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती आली, वॉरंटीही २ वर्षांनी वाढली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र अपडेटने सुधारत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. बायोस अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस लावूनच करा.