जळगांवचें कविसंमेलन आणि मराठी ख्रिस्ती गीत

मराठी कवितेचा इतिहास सांगणारे ग्रंथ उघडले असतां रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्याविषयीं बहुधा एकच वाक्य वाचावयास मिळतें: ते फुलांचे व मुलांचे कवि होते. वाक्य खोटें नाहीं. पण तें अर्धें आहे. टिळकांनीं ख्रिस्तोपासनेसाठीं जीं शेंकडों पदें, अभंग व भजनें रचलीं, त्यांचा हिशेब ह्या वाक्यांत कोठेंच येत नाहीं. शाळेच्या क्रमिक पुस्तकानें एक टिळक घेतले, उपासनामंदिरानें दुसरे घेतले, आणि दोघांची पुन्हां गांठ पडली नाहीं. ही वांटणी अन्यायाची आहे, इतकेंच नव्हे, तर ती इतिहासासही सोडून आहे, असें आमचें मत आहे. आणि ह्या मतास आधार शोधावयाचा तर अहमदनगराइतकेंच खानदेशांतही गेलें पाहिजे.

मराठींतील ख्रिस्ती गीताचा उगम फार मागें जातो. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे ख्रिस्तकथेला मराठी ओवी पुरी पडते, ह्याचा तीन शतकें आधींच मिळालेला निर्वाळा होय. परंतु हा धागा पुढें फार काळ चालला नाहीं. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ सालीं त्यांचें ठाणें अहमदनगरास झालें. त्यांच्या कानांत होत्या त्या स्वदेशींच्या चाली. त्या चाली तशाच ठेवून त्यांत मराठी शब्द बसविण्याचा उद्योग सुरू झाला, आणि पुढें पुष्कळ वर्षें मराठी ख्रिस्ती मंडळी अशीं उसनवारीचीं गीतें गात राहिली.

त्यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. उत्तर थोडें तांत्रिक आहे. वाचकांनीं क्षणभर धीर धरावा. इंग्रजी स्तोत्राची एक नेहमींची बांधणी अशी असते कीं, पहिल्या ओळींत आठ अवयव, दुसरींत सहा, पुन्हां आठ आणि पुन्हां सहा; आणि त्यांतील ठराविक अवयवांवर आवाजाचा आघात पडतो. मराठी पद्य अशा आघातावर चालत नाहीं. तें अक्षरांच्या संख्येवर किंवा ऱ्हस्वदीर्घाच्या तोलावर चालतें. म्हणून परकी चाल जेथें सूर लांबविते, तेथें मराठी शब्दाचें नेमकें ऱ्हस्व अक्षर येऊन पडतें. 'सुत' म्हणजे पुत्र. त्यांतील उकार ताणला कीं, देवाच्या पुत्राचें 'सूत' व्हावयास वेळ लागत नाहीं! ह्याउलट थोरल्या अभंगाची ठेवण पाहावी. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चार अक्षरांचा चौथा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचें यमक. अक्षर ऱ्हस्व कीं दीर्घ ह्याची त्यांत अडचण नाहीं. ध्रुवपद पुन्हां पुन्हां येतें. टाळ हातीं असला म्हणजे पुस्तकावांचून चालतें. ज्यास अक्षरओळख नाहीं, तोही दुसऱ्या फेरीला गाऊं लागतो. ज्या मंडळींत निरक्षरांचा भरणा मोठा होता, त्यांच्या दृष्टीनें तर हा प्रश्न केवळ रसिकतेचा नव्हता. उपासनेंत आपण बोलावयाचें कीं नुसतें ऐकावयाचें, असा तो प्रश्न होता.

ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली ती एतद्देशीय ख्रिस्ती कवींनीं. नगरकडील कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं कीर्तनाचा सांचा ख्रिस्तकथेस लावला. टिळक त्याच वाटेनें पुढें गेले, व फार दूर गेले. १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं जन्मलेल्या ह्या ब्राह्मणानें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई ह्यांची व त्यांची कांहीं वर्षें ताटातूट झाली. धर्म बदलला, पण तुकोबा सुटले नाहींत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मराठे राजे दुसरे सरफोजी ह्यांचे समकालीन तंजावरचे वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) ह्यांनीं तमिळ कीर्तनें रचून जें कार्य केलें, तेंच टिळकांनीं अभंगाच्या द्वारें महाराष्ट्रांत केलें.

आतां खानदेशाकडे वळूं. हा मुलूख ओवी-अभंगाला पारखा कधींच नव्हता. मुक्ताबाईचें स्थान तापीच्या परिसरांत आहे. अमळनेरीं बोरीच्या कांठीं सखाराम महाराजांची गादी आहे. जळगांवनजीकच्या आसोद्याच्या निरक्षर बहिणाबाई चौधरी ह्यांनीं घरोटा ओढतां ओढतां रचलेल्या ओव्या १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या व महाराष्ट्र थक्क झाला. छापील कवितेचेंही खानदेशाला अगत्य होतें. केवळ कवितेला वाहिलेलें 'काव्यरत्नावली' हें मासिक नारायण नरसिंह फडणीस ह्यांनीं १८८७ सालीं काढलें, तें मुंबई-पुण्याहून नव्हे, जळगांवाहून.

१९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पुढल्याच वर्षीं पूर्व खानदेशांतील ह्या जळगांवीं महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. त्या संमेलनांत टिळक होते. धरणगांवीं जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यानें तेथें कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु त्याचें उत्तरांग आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. टिळकांनीं त्या मुलाला जवळ केलें. तो नगरास त्यांच्या घरीं राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. 'स्मृतिचित्रें' वाचणारास हें सांगणें नको. मुलगा हिंदुच राहिला, पाद्री पाद्रीच राहिला, आणि एका छपराखालीं दोघांच्याही कविता लिहिल्या गेल्या.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, जळगांवीं टिळकांचा मान झाला तो निसर्गकवितेमुळें. भजनांचा तेथें काय संबंध? आक्षेप रास्त आहे, पण तो आमच्याच बाजूस येतो. ज्या लेखणीनें फुलावर लिहिलें, तिनेंच ख्रिस्तावर लिहिलें. शब्दकळा तीच, छंदांची जाण तीच. धर्मांतर करून बारा वर्षें झालेल्या कवीला त्या सभेनें परका मानलें नाहीं. ती सभा जें करूं शकली, तें पुढील टीकाकारांस कां साधूं नये? भजनांकडे संशयानें पाहणारे दोन्हीकडे होते. कोणास टाळांत जुन्या धर्माचा नाद ऐकूं येई, कोणास अभंगांत धर्मांतराचें आमिष दिसे. ह्या दुहेरी संशयाच्या कात्रींत एक मोठें काव्य सांपडलें व वाचकांवांचून राहिलें.

मात्र आमच्या ह्या विवेचनाची एक बाजू आम्हांसही टोंचते. खानदेश म्हणजे केवळ तापीकांठचें मराठी बोलणारें गांव नव्हे. पश्चिम खानदेशांत, म्हणजे पुढें धुळें जिल्हा झालेल्या व १९९८ पासून कांहीं अंशीं नंदुरबार जिल्ह्यांत गेलेल्या मुलखांत, भिल्ल, मावची, कोंकणी अशा आदिवासी वस्त्या आहेत. तेथें विसाव्या शतकांत स्कॅंडिनेव्हियन मंडळ्यांनीं मिशनकार्य केलें. तेथील ख्रिस्ती मनुष्याच्या हातीं मराठी अभंग दिला, तर तोही एका परीनें उसनाच नव्हे काय? अमेरिकेंतील नीग्रो गुलामांनीं धन्याचीं स्तोत्रें घेऊन त्यांत आपला ताल व आपलें दुःख ओतलें. १८७१ सालीं फिस्क विद्यालयाच्या गायकांनीं तीं गाणीं जगापुढें आणलीं. १९३० नंतर शिकागोंत टॉमस डॉर्सी ह्यानें त्यांतूनच 'गॉस्पेल' नांवाचें संगीत घडविलें. जें स्वतःच्या बोलींत व ठेक्यांत उतरतें, तेंच टिकतें. टिळकांचा हा धडा मराठीशीं संपत नाहीं; तो अहिराणीला लागू आहे, मावचीलाही आहे.

५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्थानकापाशीं आगगाडीच्या अपघातांत बालकवि गेले. १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही एकत्र बसतां यावें म्हणून 'देवाचा दरबार' स्थापणारे टिळक ९ मे १९१९ रोजीं निवर्तले. त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. शिष्याचीं निसर्गगीतें आज घरोघर आहेत. गुरूचीं भजनें रविवारच्या उपासनेंत अजून गाइलीं जातात. त्या मंदिराबाहेरच्या मराठी वाचकानें तीं एकदां तरी मराठी कविता म्हणून वाचावींत, एवढेंच आमचें मागणें आहे. जळगांवच्या सभेनें कवीला धर्म विचारला नव्हता.