‘जे आज अमुक आहे’ : इंग्रजी इतिहासलेखनातील एका वाक्प्रयोगाचा विचार

इंग्रजी इतिहासग्रंथांच्या वाचकास एक वाक्प्रयोग पदोपदी भेटतो. कोणी तत्त्वज्ञ ‘जो आज रशिया आहे’ त्या प्रदेशात जन्मलेला असतो. कोणते पुरातन नगर ‘आजच्या पाकिस्तानात’ वसलेले असते. ‘व्हॉट इज नाऊ’, ‘प्रेझेंट-डे’, ‘मॉडर्न-डे’, ‘नाऊ कॉल्ड’ ही त्याची निरनिराळी रूपे होत. वाचकाच्या हाती नकाशा आजचा असतो, तेव्हा त्याची सोय पाहणे हा लेखकाचा धर्मच आहे. तथापि ही सोय वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

प्रथम या रूपांतील भेद पाहावा. ‘नाऊ कॉल्ड’ म्हणताना वस्तू तीच राहते, केवळ नाव पालटते. ‘मॉडर्न-डे’ या विशेषणाने तीच वस्तू पूर्वीही होती व आज तिचे नवे रूप आहे, असे ध्वनित होते. ‘व्हॉट इज नाऊ’ची तऱ्हा निराळी. त्यातील ‘व्हॉट’ हे केवळ सर्वनाम. पूर्वीच्या वस्तूला नावच दिलेले नाही. जमीन होती, पण ती कोणाची व तिला काय म्हणत, याबद्दल वाक्य मौन पाळते. नाव मिळते ते आजच्या धन्याचे.

‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांची अशी जोडी इंग्लंडच्या दप्तरात फार जुनी आहे. विजेत्या विल्यमने 1085च्या नाताळात आज्ञा दिली आणि 1086मध्ये जी पाहणी झाली, तिचे फलित म्हणजे ‘डूम्सडे बुक’. त्याची भाषा लॅटिन आहे. पण इंग्रजी कारभाराची विचारपद्धती तीत स्वच्छ दिसते. प्रत्येक गावाचे मूल्य एडवर्ड राजाच्या काळी किती होते व ‘मोदो’ म्हणजे आता किती आहे, हे तीत नोंदविले आहे. इलीच्या मठाकडील चौकशीच्या कागदात प्रश्नांची जी यादी आली आहे, तीत काळाचे टप्पे तीन आहेत: एडवर्डच्या काळी, विल्यमने ती जमीन दिली तेव्हा, आणि आता. या तिहींत हॅरॉल्डचा काळ कोठेच नाही. 1066च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत हॅरॉल्ड गादीवर होता. परंतु ‘तेव्हा’ची खूण एडवर्डपाशीच रोवली, आणि खुद्द हॅरॉल्ड सामान्यतः ‘अर्ल’ म्हणूनच नोंदला गेला. एक राज्यारोहण नाकारण्यास वेगळा जाहीरनामा काढावा लागला नाही. ‘पूर्वी’ कोणत्या दिवशी संपले एवढे ठरविणे पुरेसे झाले.

यॉर्कशायरच्या नोंदी अधिक बोलक्या आहेत. तेथे कित्येक गावांपुढे ‘आता’च्या जागी ‘ओसाड आहे’ एवढेच शब्द येतात. 1069–70च्या हिवाळ्यात विल्यमच्या सैन्याने उत्तर इंग्लंडचा जो विध्वंस केला, त्याच्याशी अभ्यासक या नोंदींचा संबंध जोडतात; प्रत्येक ‘ओसाड’ नोंद त्याच कारणाची असेल असे मात्र नाही, कित्येकदा तिचा अर्थ वसूल नाही एवढाच असावा. तें कसेही असो. गाव काय झाले हे येथे सांगितले आहे. कोणी केले हे सांगितलेले नाही. ‘झाले आहे’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही, ही त्याची मोठीच सोय होय.

पुढे मिळकतींच्या दस्तांत ही जोडी स्थिरावली. जमिनीच्या चतुःसीमा सांगताना शेजार ‘आता किंवा पूर्वी अमक्याचा’ असे लिहिण्याची रीत पडली. अमेरिकेच्या मोजणी-नकाशांवर तिची आद्याक्षरे आजही आढळतात. आपल्याकडील दस्तांतील ‘मूळ राहणार’ व ‘हल्ली मुक्काम’ यांची येथे आठवण होते. या जुन्या भाषेतला ‘लेट’ हा शब्द मात्र भाषांतरकाराने जपून हाताळावा. ‘लेट ऑफ द बॉम्बे सिव्हिल सर्व्हिस’ असे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असले तर तो गृहस्थ सेवेतून मोकळा झाला एवढाच अर्थ. त्यास कैलासवासी करण्याचे कारण नाही.

आता कोनिग्सबर्गचे उदाहरण घेऊ, कारण या वाक्प्रयोगाची सारी अडचण त्यात एकवटली आहे. ट्यूटॉनिक सरदारांनी 1255मध्ये वसविलेल्या या नगरात इमान्युएल कांट 1724मध्ये जन्मला आणि 1804मध्ये तेथेच वारला. दुसऱ्या महायुद्धानंतर नगर सोव्हिएत सत्तेखाली गेले, 1946मध्ये त्यास कालिनिनग्राद हे नाव मिळाले, आणि उरलेल्या जर्मन रहिवाशांना तेथून घालविण्यात आले. ‘जो आज रशिया आहे तेथे कांट जन्मला’ हे विधान भूगोल म्हणून अचूक आहे. इतिहास म्हणून त्यात जवळजवळ काहीच नाही. गंमत अशी की, सप्तवार्षिक युद्धात 1758 ते 1762पर्यंत हे नगर खरोखरीच रशियन अमलाखाली होते. तर्कशास्त्र व तत्त्वमीमांसा यांचे अध्यापकपद मिळावे म्हणून कांटने 1758मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथकडे अर्ज केला होता. ते पद त्यास मिळाले नाही. म्हणजे कांटचा रशियाशी खरा संबंध चार वर्षांचा, आणि ‘व्हॉट इज नाऊ’ने सांगितला जाणारा संबंध त्याच्या मृत्यूनंतरच्या घडामोडींचा. पहिला संबंध अभ्यासाचा विषय आहे. दुसरा केवळ पत्ता आहे. वाक्य मात्र दोहोंना एकाच सुरात बोलते.

प्रयोग कोठे आवश्यक आहे हेही सांगितले पाहिजे. 1587मध्ये रोअनोक बेटावर जी इंग्रज वसाहत झाली, तो प्रदेश तेव्हा व्हर्जिनिया म्हणविला जाई. आज तो नॉर्थ कॅरोलायनात मोडतो. येथे खुलासा न केल्यास वाचक चुकेल. उलट 1607च्या जेम्सटाउनला ‘जो आज व्हर्जिनिया आहे त्यात’ असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे, कारण त्या वसाहतवाल्यांच्याही तोंडी व्हर्जिनिया हेच नाव होते.

‘एर्स्टव्हाइल’ या शब्दाला भारतीय इंग्रजीत एक खास आश्रय लाभला आहे. संस्थाने विलीन झाली, 1971च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. पण संस्थानाच्या नावामागे हे विशेषण अजून चालते. संपलेल्या गोष्टीचा मान राखून ती संपली असे सांगण्याची त्यात सोय आहे. मराठीतील ‘माजी’ त्या मानाने कोरडा.

मराठीत भाषांतर करणाऱ्यांची सर्वांत ठळक चूक आपल्याच शहराविषयी होते. इंग्रजी ग्रंथात ‘बॉम्बे, नाऊ मुंबई’ असे असते. 1995मध्ये इंग्रजीतील अधिकृत नाव बदलले, तेव्हा इंग्रजीत ते रास्तच आहे. पण ‘पूर्वीचे बॉम्बे, आताचे मुंबई’ असे मराठीत लिहिणे म्हणजे मराठी वाचकास त्याच्या भाषेत न घडलेला बदल सांगणे होय. 1995च्या आधीही मराठीत मुंबई होती, विद्यापीठ मुंबई विद्यापीठच होते. 1996मध्ये बदलले ते विद्यापीठाचे इंग्रजी नाव. उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात तर 1995च्या निर्णयाने ‘बॉम्बे’ गेलेच नाही. अशा ठिकाणी मूळ वाक्यातील ‘नाऊ’चे भाषांतर न करता तो शब्द गाळावा, आणि संदर्भास आवश्यक असेल तरच नामांतर इंग्रजीतले होते असे स्पष्ट लिहावे.