कुलपातच लपलेली किल्ली

चांदीची तार तोडताना हुपरीच्या कारागिराचे बोट कापते. थोडा वेळ दाबून धरले की रक्त थांबते. ही रोजची घटना समजायला विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला. तिच्यातला एक कळीचा दुवा १९९१ मध्ये हाती आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे अलेक्झांडर श्मिट यांनी रक्त गोठवणारे विकर ओळखले. तेच थ्रॉम्बिन. ते फायब्रिनोजेन या प्रथिनाचे छोटे तुकडे छाटते आणि उरलेल्या भागांचे जाळे विणले जाते. १८८२ मध्ये इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी जखमेपाशी चिकटणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, दाखवून दिल्या. पुढे लक्षात आले, की थ्रॉम्बिन या बिंबिकांनाही जागे करते. पण कसे?

संप्रेरक पेशीवरील ग्राहीत बसते, संदेश देते आणि सुटते. पैंजणाची फिरकी लावावी, काढावी, तसेच हे. थ्रॉम्बिनचे काम मात्र कापण्याचे. कापण्यातून संदेश कसा जाणार?

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शॉन कॉफलिन आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशींतील संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंडपेशीत घालून हा ग्राही शोधला. ४२५ अमिनो आम्लांची ही साखळी. तिचे एक टोक पेशीबाहेर असते. थ्रॉम्बिन ते ४१व्या आणि ४२व्या अमिनो आम्लांच्या मध्ये कापते. उघडे पडलेले नवे टोक वळून त्याच ग्राहीत बसते. म्हणजे किल्ली कुलपातच होती! पुरावाही चोख होता. या टोकासारखा तुकडा प्रयोगशाळेत बनवून दिला, तर थ्रॉम्बिनशिवायही बिंबिका जाग्या झाल्या. कापण्याची जागा बदलली, तर ग्राही थ्रॉम्बिनला दाद देईना.

तोडलेली तार फिरकीसारखी पुन्हा जुळत नाही. तसाच कापलेला ग्राही एकदाच उपयोगी पडतो.

१९९६ मध्ये हा ग्राही नसलेल्या उंदरांच्या बिंबिकाही थ्रॉम्बिनला प्रतिसाद देताना आढळल्या. म्हणजे आणखी ग्राही असणार! १९९८ पर्यंत या कुळात एकूण चार सापडले. मानवी बिंबिकांवर त्यांपैकी पहिला व चौथा काम करतात.

हीच गुठळी हृदयाच्या धमनीत झाली तर झटका येतो. म्हणून पहिला ग्राही अडवणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधाला २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पूर्वी पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. जखम बुजवणारी आणि धमनी बुजवणारी यंत्रणा एकच आहे. वर्गात कुलूप-किल्लीचा दाखला देताना हा अपवाद जरूर सांगावा.