मॉस, मत्स्यटाकीतील (काळेवाडी परिसर)

गोड्या पाण्याच्या टाकीत दगड, लाकडाचा ओंडका किंवा जाळी यांवर वाढवली जाणारी हरितावर्गीय वनस्पती. हिला फूल नाही, बी नाही आणि खरी मुळेही नाहीत. आधाराला चिकटून राहण्यासाठी तंतूंसारखे मुलाभ तेवढे असतात. पान बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीचे असल्याने पाण्यात जे विरघळलेले असेल ते थेट पानातून आत शिरते. म्हणून टाकीच्या तळाशी महागडी खतमाती घालून मॉसला काही लाभ होत नाही. त्याचे सारे भवितव्य पाण्यावर आणि त्या पाण्याच्या तापमानावर ठरते, आणि पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडी भागात या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

बाजारात सर्वाधिक खपते ते जावा मॉस. त्याचे शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. पण कित्येक वर्षे ते व्हेसिक्युलॅरिया ड्युबियाना या दुसऱ्याच जातीच्या नावाने विकले गेले. सिंगापूरमध्ये काम करणारे हरितातज्ज्ञ बेनिटो टॅन यांनी टाक्यांमधले नमुने तपासून हा घोळ बऱ्याच अंशी निस्तरला. ड्युबियाना म्हणजे सिंगापूर मॉस, तर देवदाराच्या फांदीसारख्या त्रिकोणी डहाळ्यांचे ख्रिसमस मॉस हे व्हेसिक्युलॅरिया माँटाग्नेई. पिसासारख्या बारीक पानांचे फिनिक्स मॉस म्हणजे फिसिडेन्स फोंटानस; ते दिसायला सर्वांत देखणे, पण वाढायला फार संथ. थंड देशांतले फोंटिनॅलिस पुण्याच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. ते घेऊ नये. ‘मॉस बॉल’ नावाचा हिरवा गोळा तर मॉसच नाही, ते एक शैवल आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा आयात गोळ्यांमधून झेब्रा शिंपले दुकानांत पोहोचल्याचे आढळले आणि ते गोळे नष्ट करावे लागले.

या वनस्पतींना जगभरच्या टाक्यांत मानाचे स्थान मिळवून दिले ते जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. त्यांनी १९८२ मध्ये निइगाता येथे ‘एक्वा डिझाइन अमानो’ ही कंपनी काढली. एरवी पाण्यावर तरंगणारे रिक्सिया दगडाला बांधून तळाशी वाढवण्याची त्यांची रीत जगभर गेली. टाकीतले शैवल फस्त करणाऱ्या कोळंबीच्या एका जातीला आज छंदवर्तुळात त्यांच्याच नावाने ओळखतात.

काळेवाडी पवनेच्या काठी आहे, पण टाकीत येणारे पाणी इथल्या पात्रातले नसते. पवना धरणातून सोडलेले पाणी महापालिका रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते आणि निगडीत शुद्ध करून शहराला पुरवते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी विंधनविहिरीच्या पाण्यापेक्षा हलके असते आणि मॉसला मानवते. अडचण क्लोरिनची. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हापासून घरोघरी पिंप भरून ठेवणे अंगवळणी पडले आहे. मॉससाठी ही सवय उपकारकच म्हणावी लागेल, कारण उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातला क्लोरिन बराचसा उडून जातो. झाकणबंद टाकीत मात्र तो टिकतो. तिथले पाणी थेट वापरायचे तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. आठवड्याला टाकीतले पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे.

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की चित्र पालटते. टँकरचे पाणी बहुधा विंधनविहिरीचे आणि जड असते. घरातल्या टीडीएस मीटरने ते मोजावे आणि आकडा चढा दिसला तर निम्मे आरओचे पाणी मिसळावे. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी कधीच वापरू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. बाहेर पारा चाळिशीकडे जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचे पाणी तीस अंशांच्या पुढे जाते. जावा मॉसला २२ ते २६ अंश मानवते. तिसाच्या आसपास ते जिवंत राहते पण वाढत नाही, आणि नाजूक जाती तपकिरी पडू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याचे क्षार मात्र मागेच राहतात, म्हणून रोजची तूट आरओच्या पाण्यानेच भरावी. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी तापलेले असते. बदलाचे पाणी पहाटे भरून घ्यावे.

आधार म्हणून इथला काळा पाषाण उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही आणि त्याच्या खडबडीत अंगाला मुलाभ लवकर धरतात. पण पुणे परिसरातल्या या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट सापडतात. दगडात पांढऱ्या शिरा दिसल्या तर त्यांवर लिंबू पिळून पाहावे. फसफसले तर तो कॅल्साइट, आणि तो पाणी जड करत राहतो. औद्योगिक पट्ट्यात तारेची जाळी सहज मिळते. त्यातली स्टेनलेस स्टीलची, शक्यतो ३०४ ग्रेडची, जाळी घ्यावी आणि तिच्यावरचे तेल साबणाने काढून खळखळून धुवावी. जस्ताचा मुलामा दिलेली, पितळी किंवा तांब्याची जाळी कोळंबीच्या जिवावर बेतते.

मॉस बारीक कातरून पातळ थरात पसरावे. जाड थर लावला की खालचे मॉस प्रकाशाविना कुजते आणि वरचे सुटून तरंगते. नवख्यांच्या टाकीत बहुतेक वेळा हेच घडते. बांधायला सुती दोरा बरा, तो काही आठवड्यांत विरतो आणि तोवर मॉसने दगड धरलेला असतो. जावा मॉसची पकड सैल असल्याने त्याला तंगूस लावावा. फिसिडेन्ससाठी फेविक्विकचा बारीक ठिपका पुरतो.

प्रकाश सहा ते आठ तास, तोही मध्यम. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने वाढ दाट होते हे खरे, पण त्यावाचून काही अडत नाही. त्या पैशात आधी पंखा घ्यावा. खिडकीतले थेट ऊन पडले की केसांसारखे शैवल मॉसमध्ये गुंतते आणि मग ते वेगळे काढणे जवळपास अशक्य होते. अशा वेळी प्रकाश कमी करावा, चेरी कोळंबी सोडाव्यात, बाधित भाग कापून टाकावा. ‘द्रव कार्बन’ म्हणून विकले जाणारे ग्लुटारल्डिहाइड शैवल मारते, पण मॉस आणि रिक्सियालाही भाजून काढते.

महिन्या-दीड महिन्याने छाटणी करावी. फिल्टर बंद ठेवून कात्री चालवावी आणि तुकडे लगेच नळीने ओढून घ्यावेत, नाहीतर प्रत्येक तुकडा जिथे अडकेल तिथे उगवतो. डॅनिओसारख्या माशांची अंडी आणि पिल्ले या जाळ्यातच वाचतात, म्हणून विणीच्या टाकीत छाटणी पुढे ढकलावी.

छाटलेले मॉस पवनेत टाकू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित ठरवलेल्या नदीपट्ट्यांत रावेत ते दापोडी हा पवनेचा पट्टा आहे, आणि काळेवाडी त्याच पट्ट्यात येते. दर उन्हाळ्यात जलपर्णीने झाकली जाणारी ही नदी आणखी एक परकी वनस्पती सोसण्याच्या स्थितीत नाही. जादा मॉस दुसऱ्या छंदिष्टाला द्यावे, किंवा उन्हात कडकडीत वाळवून कुंडीत घालावे.