धरणाच्या वरच्या अंगाला

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की उमेदवारांच्या तोंडी ठरलेले प्रश्न येतात. कुकडीच्या कालव्याचे आवर्तन वेळेवर सुटावे, डिंभे धरणाचे पाणी बोगद्याने माणिकडोह धरणाकडे वळवावे किंवा वळवू नये, उसातल्या बिबट्याचा बंदोबस्त व्हावा, शेतीला दिवसा वीज मिळावी, कांद्या-टोमॅटोला भाव मिळावा. यातला एकही प्रश्न खोटा नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणि मंचरच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष याच गोष्टींवर तरते किंवा बुडते, आणि ऊसतोडीच्या दिवसांत लेकराला अंगणात एकटे सोडायची भीती काय असते हे या भागातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. पण आवर्तन ठरते कालवा सल्लागार समितीत, बिबट्या वनखात्याचा, वीज महावितरणची, आणि कांद्याच्या निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो. जिल्हा परिषदेच्या सभागृहात यांपैकी कशाचाच निकाल लागत नाही. ही विसंगती आजच्या पुढाऱ्यांनी निर्माण केलेली नाही. तिची मुळे स्थानिक स्वराज्याच्या दीडशे वर्षांच्या घडणीत आहेत, आणि तिची सर्वांत मोठी किंमत या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे धरणांच्या वरच्या अंगाच्या आदिवासी गावांनी मोजली आहे, असे माझे म्हणणे आहे.

मुंबई इलाख्यात 1869 च्या कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घ्यायला सुरुवात झाली. त्या पैशाचा तिसरा हिस्सा शाळांना आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना जायचा. पैसा रयतेचा, खर्च कलेक्टरच्या मर्जीचा. पुढे 1882 मध्ये व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, 1884 मध्ये लोकल बोर्डांचा कायदा आला आणि जिल्हा व तालुका बोर्डांवर निवडून आलेले सभासद बसू लागले. मतदानाचा हक्क मात्र मालमत्ता आणि सारा यांच्या हिशेबाने मिळत होता. चार एकर भातखाचर आणि उरलेला डोंगर अशी ज्याची मिळकत, त्या महादेव कोळी आदिवासीला त्या यादीत जागा कुठून असणार? कायद्याच्या अवघी आठ वर्षे आधी, 1876 मध्ये, आंबेगावच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले पकडला गेला होता. सावकारांच्या वह्यांविरुद्ध त्याने डोंगरात उठाव केला होता. गाऱ्हाणे मांडायला जागाच नसेल तर ते कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे या उठावाने दाखवले होते. बोर्डे आली तरी ही जागा पश्चिम पट्ट्याला मिळाली नाही. आंबेगाव तर तेव्हा स्वतंत्र तालुकाही नव्हता. खेड तालुक्याचा तो एक पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. म्हणजे घोड नदीच्या उगमाकडच्या वाडीचे म्हणणे आधी पेट्यात, मग खेडमध्ये आणि मग पुण्यात पोचायचे. पुढे 1923 च्या कायद्यांनी बोर्डांवरची सरकारी पकड सैल झाली, प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले आणि मतदार वाढले. परंतु 1938 मध्ये तालुका बोर्डेच बंद झाली. जवळचे व्यासपीठ गेले आणि लांबचे उरले.

खरा बदल 1 मे 1962 रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा झाला. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने विकास खंडाला महत्त्व दिले होते. महाराष्ट्रात 1960 मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने तो विचार स्वीकारला. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सभासदत्वातून बाहेर ठेवावे, ही नाईक समितीची शिफारस मला विशेष महत्त्वाची वाटते. स्थानिक प्रश्नांना स्थानिकच माणूस मिळावा, मोठ्या राजकारणाच्या सावलीत तो खुरटू नये, हा त्यामागचा हेतू होता. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पशुवैद्यकीय दवाखाने, पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि शंभर हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव व बंधारे ही कामे परिषदेकडे आली. मोठे पाणी राज्याकडे राहिले. ही वाटणी कागदावर सुटसुटीत होती, पण जुन्नर-आंबेगावात नेमके त्याच काळात मोठ्या पाण्याचे पर्व सुरू होत होते.

कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांतली चार जुन्नरमध्ये आणि डिंभे आंबेगावात. पाणी मात्र शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर असे तीन जिल्हे एका कालव्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. या पाण्याने दोन्ही तालुक्यांच्या पूर्व भागाचे रूप पालटले. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला, आणि त्याच उसात बिबट्याने घर केले. मतदारांची दाटी, कारखान्याचे सभासद, दूध संस्था, बाजार समित्या हे सगळे कालव्याच्या अंगाला जमले. साहजिकच राजकारणाची भाषाही कालव्याची झाली. विधानसभेच्या सभेत जे वाक्य टाळी घेते तेच जिल्हा परिषदेच्या गटातही म्हटले जाऊ लागले, कारण ऐकणारा तोच, बोलणाऱ्याचा पक्ष तोच, आणि पुढची पायरी म्हणून उमेदवाराची नजरही तिकडेच. नाईक समितीने आमदाराला सभागृहाबाहेर ठेवले, पण आमदारकीचे विषय तिला बाहेर ठेवता आले नाहीत.

वरच्या अंगाला काय झाले? डिंभ्याच्या जलाशयात, ज्याला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे, ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच बुडाले. त्याच्या आसपासच्या गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि माणसे आणखी वर, उतारावर सरकली. सह्याद्रीच्या धारेवर पाऊस कोसळतो, पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ, म्हणून एप्रिल-मेमध्ये इथल्या वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी झऱ्याशी रांग लागते. समोर जलाशय दिसतो आणि घरात पाणी नसते. आता हा प्रश्न कोणाचा? आवर्तनाचा नव्हे. तो झऱ्याचा, टाक्याचा, छोट्या बंधाऱ्याचा आणि नळयोजनेच्या देखभालीचा आहे, म्हणजे अगदी शब्दशः जिल्हा परिषदेचा. जुन्नरजवळच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेण्याबरोबर पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या खडकात पाणी कसे धरावे हे इथल्या संघटित धंदेवाल्यांना कळत होते आणि ते काम आपले आहे असेही त्यांना वाटत होते.

पाण्यापुरतेच हे नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगावातल्या माळीण गावावर दरड कोसळली आणि 151 माणसे गेली. त्या दिवशी सगळ्यांत आधी ज्या जागेवर भार आला ती जवळच्या अडिवऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या दवाखान्याची होती. दरडीच्या कारणांची चर्चा झाली तेव्हा प्रचंड पावसाबरोबर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवले गेले. पडकई, म्हणजे उतारावर दगडमातीचे बांध रचून खाचर तयार करण्याची जुनी रीत, ही इथल्या माणसांनी हाताने आणि उताराचा अंदाज घेत जपलेली कला आहे. शाश्वत या संस्थेने धरणाच्या विस्थापितांबरोबर तिला पुन्हा उभे केले आणि पुढे तिला सरकारी योजनेतही जागा मिळाली. कोणता उतार सोसेल आणि कोणता नाही, कोणत्या वाडीला कुठे हलवावे, यापेक्षा अधिक स्थानिक प्रश्न कोणता असू शकतो? शाळांचेही तसेच. 2017 च्या अखेरीस राज्यातल्या कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. सपाटीवर एक किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटांची वाट, पण जुलैत ओढा भरलेला असताना पहिलीतल्या मुलीला तेवढ्याच अंतरात शाळा कायमची दुरावू शकते. हे अंतर नकाशावर मोजता येत नाही. ते त्या गटाच्या सदस्यालाच सांगता येते.

यावर पहिला आक्षेप असा की, सदस्य हा कारभारी कमी आणि वकील जास्त असतो. अधिकार नसला तरी त्याने मोठ्या प्रश्नावर आवाज उठवलाच पाहिजे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोडली. बाळहिरडा हे इथल्या आदिवासी घराचे रोख उत्पन्न आहे, आणि त्याच्या भरपाईची मागणी पुढची काही वर्षे मंत्रालयाच्या दारात राहिली. ती धसास लावायला ओरड करावीच लागली. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतले आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावेही असेच. पण वकिलाला सगळ्या पक्षकारांचे म्हणणे मांडावे लागते. हिरड्याचा आणि वनहक्काचा प्रश्नही राज्याच्याच अखत्यारीतला, तरी पूर्वेकडच्या सभांत तो आवर्तनाच्या शेजारी बसत नाही. म्हणजे अडचण अधिकाराबाहेरचे बोलण्याची नाही. अधिकाराबाहेरचे नेमके कोणते बोलायचे, ही निवड कालव्याच्या हिशेबाने होते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. जिल्हा परिषदेचा बहुतेक निधी सरकारी अनुदानाचा आणि योजनेला बांधलेला, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे, मग सदस्याने झऱ्याबद्दल बोलून करायचे काय? 1869 च्या एका आण्यापासून ही तक्रार खरी आहे. तरीही बांधलेल्या पैशातही कोणती वाडी आधी आणि कोणती नंतर, कोणत्या केंद्रावर डॉक्टर राहतो की फक्त नावाला असतो, पुरी झालेली नळयोजना उन्हाळ्यात चालते की नाही, हे विचारण्याचा हक्क सदस्याला आहे. तो वापरायला पैसा लागत नाही. मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि प्रशासक आले. निर्णय लवकर होतात, भांडणे नाहीत, असे समाधान तेव्हा काहींनी व्यक्त केले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती. त्या काळात फायली हलल्या असतीलही. पण अडिवऱ्याच्या किंवा जुन्नरमधल्या इंगळूणच्या बाजूचा माणूस सभागृहात उभा राहून अधिकाऱ्याला प्रश्न विचारू शकत नव्हता, आणि ही उणीव कोणत्याही वेगवान फायलीने भरून येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात कठोर आहे: पश्चिमेला मते थोडी, म्हणून प्रश्न थोडा. गटांची आखणी लोकसंख्येवर होते. वस्ती विरळ असेल तर गट लांबरुंद होतो, कुकडी किंवा घोड नदीच्या खोऱ्यातल्या कितीतरी वाड्या एकाच सदस्याच्या वाट्याला येतात आणि पूर्वेच्या गटांसमोर त्याचे मत एकच राहते. हे गणित खरे आहे. म्हणूनच हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याला पुरावा देतो. पूर्वेकडच्या उमेदवाराला कालव्याबद्दल बोलायला आमदार, कारखाना, पाणीवापर संस्था असे अनेक सोबती आहेत. तो गप्प राहिला तरी आवर्तनाचा प्रश्न दबणार नाही. वरच्या अंगाच्या वाडीला मात्र जिल्हा परिषदेचा सदस्य आणि पंचायत समितीच्या गणाचा सदस्य एवढेच दोन दरवाजे आहेत. ग्रामसभेला 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जे अधिकार दिले, त्यांची अंमलबजावणीही पुन्हा याच यंत्रणेतून जाते. ज्या पाण्यासाठी तीन जिल्हे भांडतात ते या डोंगरांवर पडते, या ओढ्यांतून उतरते आणि या वाड्यांच्याच खाचरांवर साठलेले आहे. प्रचाराच्या गाड्या घोडेगावच्या पश्चिमेला वळतील तेव्हा उमेदवाराला तिथल्या बायकांनी विचारावे की, वाडीचा झरा मार्चअखेर आटतो हे त्याला ठाऊक आहे का, आणि परिषदेच्या पहिल्या सभेत तो त्यावर कोणता प्रश्न मांडणार आहे.