शनिवार तेल्याचा लीड्समधला शब्बाथ

आमच्या 1964 च्या अकरावीच्या तुकडीला माझा शनिवार आठवत असेल. शनिवारी सकाळची शाळा असे. मी यायचो, बाकावर बसायचो, पण वही उघडायचो नाही. आठवीत वर्गशिक्षकांनी एकदाच कारण विचारले आणि वर्गाला सांगून टाकले, "हा शनिवारी ऐकेल, लिहिणार नाही." रविवारी माझा बाकावरचा सोबती स्वतःची वही घेऊन आमच्या घरी यायचा. मी उतरवून घेईपर्यंत तो ओटीवर आईच्या हातचे पोहे खात बसायचा. तेव्हा ही फक्त एक सोय वाटायची. तिचे मोल मला 1971 साली इंग्लंडमध्ये कळले.

आम्ही बेने इस्रायल. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले, पुढे हिब्रू भाषाही विसरली. उरले ते थोडेसे: सुंता, खाण्यापिण्याचे नियम, 'शमा' या प्रार्थनेचे शब्द आणि शनिवार. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी आमच्या लोकांनी तेलाचे घाणे घातले. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सुटायचा, तो शनिवारी रात्रीपर्यंत घाण्याला जुंपला जात नसे. म्हणून गावाने नाव ठेवले 'शनिवार तेली'. महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. आडनावेही गावांनीच दिली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी आमचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला आमचे लोक मराठीत 'मशीद'च म्हणत. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, तो छापून निघाला 1937 मध्ये. या साऱ्याच्या आधी कित्येक पिढ्या आमची ओळख टिकली ती थांबलेल्या घाण्यावर.

मुंबईच्या गिरणीत दोन वर्षे काढून मी वस्त्रतंत्रज्ञान शिकायला सप्टेंबर 1971 मध्ये लीड्सला गेलो. लोकरीच्या धंद्याचा तो मुलूख. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो. आपल्या अलिबागेत सूर्य डिसेंबरात सहाला आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम सव्वा तासाचा. लीड्सला जूनमध्ये तो पावणेदहाच्या आसपास जातो आणि डिसेंबरात पावणेचारला. त्यात 31 ऑक्टोबर 1971 ला ब्रिटनची घड्याळे तासभर मागे गेली. आदल्या शुक्रवारी साडेपाचनंतर लागलेला शब्बाथ पुढच्या शुक्रवारी साडेचारच्या आत आला. आणि शुक्रवारचे माझे प्रात्यक्षिक संपायचे पाच वाजता.

प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दिवस बदलून देतो, पण तुमच्या धर्मगुरूंचे पत्र आणा."

पत्रासाठी एका प्रार्थनामंदिरात गेलो. लीड्सचे बहुतेक यहुदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातून आलेल्यांचे वंशज. आधी लेलँड्स भागात शिवणकामावर जगले, मग चॅपलटाउन आणि मूरटाउनकडे सरकले. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "तुम्ही यहुदी कधी झालात?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तो प्रश्न मला लागला, कारण तो नवा नव्हता. 1962 साली इस्रायलमधल्या धर्मपीठाने आमच्या लोकांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले होते. कोकणातून तिकडे गेलेली माणसे त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. आपला अकरावीचा निकाल लागला तेच वर्ष. वडील वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, "गावाला हे कधीच ठाऊक होते."

त्या गृहस्थांना मी संसदेचा ठराव नाही सांगितला. घाण्याची गोष्ट सांगितली. हिब्रू विसरलेले, ग्रंथ हरवलेले, पण शनिवारी बैल सोडणारे लोक, आणि त्यांना त्यावरूनच हाक मारणारा गाव. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाले, "माझे वडील शिंपी. उपाशी राहायचे, पण शनिवारी सुई धरायचे नाहीत." पुढच्या आठवड्यात पत्र मिळाले.

मग शुक्रवारी दुपारी घाई सुरू व्हायची. वाइनऐवजी घरच्यासारखे काळ्या मनुकांचे सरबत उकळायचे, पावाऐवजी दोन चपात्या लाटायच्या. दिव्याला खोबरेल कुठले? ऑलिव्ह तेल तेव्हा तिथे औषधाच्या दुकानात इवल्या बाटलीत मिळे. तेल्याचा नातू चमच्याने मोजून तेल वापरत होता! खोलीतली गॅसची शेगडी नाणे टाकल्यावर चाले. शब्बाथला पैशाला शिवायचे नाही आणि विस्तवही पेटवायचा नाही. शेगडी विझली की शनिवार रात्रीपर्यंत ब्लँकेट. सकाळी दोन मैल चालत प्रार्थनेला जायचे, पावसात छत्रीही उघडायची नाही.

तिथेच मला शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांची यादी नीट समजली. त्यांतली 13 कापडाची: लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, रंगवणे, सूत कातणे, ताणा लावणे, विणणे, शिवणे वगैरे. माझा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम! आणि पिळून रस काढण्याच्या मनाईत आजोबांचा घाणाही येत होता. त्यांना ही यादी कुणी वाचून दाखवली नव्हती. तरी त्यांचा बैल मोकळा असायचा.

फेब्रुवारी 1972 मध्ये खाणकामगारांच्या संपामुळे पाळीपाळीने वीज जाऊ लागली. एका शुक्रवारी अख्खे घर अंधारात होते, आणि घरमालकीणबाई व दोन भाडेकरू माझ्या खोलीत येऊन त्या एका दिव्यापाशी बसले. कुणी काही विचारले नाही. मला आपला वर्ग आठवला.

1948 च्या सुमारास भारतात आम्ही सुमारे 20,000 होतो. पुढे बहुतेक इस्रायलला गेले. आता घाणे नाहीत, 'शनिवार तेली' म्हणणारेही विरळ झाले. संसदेच्या ठरावाची गरज होतीच. पण माझ्या मते आमचे सर्वांत जुने प्रमाणपत्र शेजाऱ्यांनी दिले. ते गावकऱ्यांनी नावातून दिले, आणि माझ्या पिढीत रविवारी वही घेऊन येणाऱ्या मुलाने दिले.

यंदाचा स्नेहमेळावा आधी शनिवारी ठरला होता. नंतर निरोप आला की रविवारी आहे. कारण कुणी कळवले नाही, मीही विचारले नाही. पोहे मात्र घेऊन येतो आहे.